बयताड कोण? ऑफिसातल्या विनोदी ट्रेनिंग फिल्म्सबद्दल

आर्थिक वर्ष संपत आलं की आयटीतल्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये एक मेल येऊन पडतो. तुमचे अमुक इतके अनिवार्य कोर्सेस बाकी आहेत, तमुक तारखेपर्यंत पूर्ण करा. माहितीची सुरक्षा, लैंगिक छळाला प्रतिबंध, आचारसंहिता आणि हल्ली ताणाचं व्यवस्थापनसुद्धा. आमचे सीनियर सांगतात की पूर्वी हे कोर्सेस म्हणजे निव्वळ स्लाइड्स असायच्या. मागे एक झोपाळू आवाज आणि खाली 'नेक्स्ट'चं बटण.

आता त्यात विनोद आलाय. रील्सवर दिसणारे चेहरे, स्टँड-अप करणारी मुलं आणि सिटकॉमसारखी सजवलेली खोटी ऑफिसं या फिल्म्समध्ये दिसतात. तीन-चार मिनिटांचा एक एपिसोड, शेवटी एक पंच आणि लगेच पाच प्रश्नांची क्विझ. हे बदलल्याचं मला वाईट वाटत नाही. कंटाळवाण्या स्लाइड्सपेक्षा बरा विनोद कधीही चालेल.

पण पाच-सहा वर्षं हे कोर्सेस बघितल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. या फिल्म्समध्ये मूर्ख ठरणारा माणूस जवळजवळ नेहमी एकाच पायरीवरचा असतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात मूर्खाला 'बयताड' म्हणतात. शिवी म्हणावी तर फार सौम्य आणि प्रेमाचा शब्द म्हणावा तर जरा जास्तच खरा. कुठलीही विनोदी ट्रेनिंग फिल्म पाहताना मी आता हा एकच प्रश्न विचारतो: इथे बयताड कोण आहे? त्याच्या उत्तरावरून फिल्म शिकवायला बनवलीय की फक्त तंबी द्यायला, ते बऱ्यापैकी कळतं.

खुर्चीत बसलेला आरोपी

या प्रकाराचा सगळ्यात गाजलेला नमुना ब्रिटनमधला आहे. १९७२ साली जॉन क्लीझ हा 'मॉन्टी पायथन'मधला नट, अँटनी जे हा लेखक आणि त्यांचे काही सहकारी यांनी मिळून 'व्हिडिओ आर्ट्स' नावाची कंपनी काढली. काम एकच: कंपन्यांसाठी प्रशिक्षणाच्या फिल्म्स बनवायच्या, पण अशा की माणसं जागी राहतील. क्लीझचं 'फॉल्टी टॉवर्स' त्यानंतर तीन वर्षांनी, १९७५ मध्ये आलं. अँटनी जेने पुढे जोनाथन लिनबरोबर 'येस मिनिस्टर' लिहिलं, ते १९८० मध्ये सुरू झालं. त्याचाच हिंदी अवतार म्हणजे फारूक शेख यांचं 'जी मंत्रीजी'. थोडक्यात, ब्रिटिश टीव्हीवरचे दोन गाजलेले विनोदी कार्यक्रम लिहिणारी ही माणसं त्याच काळात ऑफिसातल्या मीटिंगवर फिल्म्स बनवत होती.

त्यातली सर्वांत प्रसिद्ध फिल्म म्हणजे १९७६ ची 'मीटिंग्ज, ब्लडी मीटिंग्ज'. गोष्ट साधी आहे. एक मॅनेजर आहे, क्लीझनेच केलेला. त्याचा अख्खा दिवस मीटिंगांत जातो, म्हणून खरं काम तो घरी आणतो आणि रात्री पलंगावर फायली उघडून बसतो. बायको वैतागलेली. त्याला झोप लागते आणि स्वप्नात तो कोर्टात उभा असतो. न्यायाधीश त्याच्यावर आरोप ठेवतात, पुरावा म्हणून त्याच्याच मीटिंगांचे प्रसंग दाखवतात. मीटिंग कशासाठी आहे हे ठरवलं नाही. लोकांना विषय आधी कळवला नाही. विषयांचा क्रम लावला नाही. चर्चा भरकटली तेव्हा ती आवरली नाही. काय ठरलं ते लिहून ठेवलं नाही.

फिल्म जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीची आहे. टाय, अॅशट्रे आणि कागदाचे गठ्ठे सोडले तर तिच्यातली मीटिंग आजच्या झूम कॉलसारखीच आहे. तीही एका मेलने संपली असती.

या फिल्मची खरी ताकद आरोपीच्या निवडीत आहे, असं मला वाटतं. मीटिंग वाया जाण्याला हजार कारणं असतात. कोणी उशिरा येतो, कोणी विषय सोडून बोलतो, कोणी मोबाइल बघतो. त्यातल्या कुठल्याही ज्युनिअरला बयताड करता आलं असतं आणि तेही विनोदी झालं असतं. पण फिल्मने पिंजऱ्यात उभं केलं ते मीटिंग बोलावणाऱ्याला. ज्याच्या हातात मीटिंग बदलणं आहे, त्याच्यावरच आरोप. हसू येतं ते त्याच्या रुबाबावर आणि शिकायचं असतं ते त्याच्याच चुकीतून. दोन्ही एकाच जागी येतात, म्हणून विनोद काढून टाकला तर धडाही निघून जातो.

'व्हिडिओ आर्ट्स'च्या सगळ्याच फिल्म्समध्ये साहेब मूर्ख होता, असं नाही. सुरुवातीच्या काळातल्या 'हू सोल्ड यू धिस, देन?' मध्ये क्लीझ एक दुरुस्ती करणारा मेकॅनिक आहे. तो मशीन दुरुस्त करायला जातो आणि गिऱ्हाइकासमोर आपल्याच कंपनीच्या सेल्समनना नावं ठेवतो. हे मशीन तुम्हाला विकलं तरी कोणी, असं म्हणत तो गिऱ्हाइकाचा उरलासुरला विश्वास घालवतो. इथे बयताड खालच्या पायरीवरचा आहे. पण तो वेंधळा नाही. आपल्या कामात हुशार आहे आणि त्याची चूक त्या हुशारीतूनच येते. बघणाऱ्या मेकॅनिकला त्यात स्वतःची थट्टा दिसते, अपमान दिसत नाही.

हे जमण्यामागे एक व्यावहारिक कारणही होतं. 'व्हिडिओ आर्ट्स' फिल्म आधी बनवायची आणि मग अनेक कंपन्यांना विकायची किंवा भाड्याने द्यायची. म्हणजे कुठल्याही एका कंपनीच्या साहेबाकडे स्क्रिप्ट मंजुरीसाठी जात नव्हती. पडद्यावरचा मूर्ख मॅनेजर हा प्रत्येक गिऱ्हाइकासाठी दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीतला होता. फिल्म विकत घेणारा साहेब निवांत हसायचा आणि हसता हसता अर्ध्यात कधीतरी त्याला वाटायचं, अरे, काल मीही हेच केलं. आजच्या फिल्म्समध्ये नेमका हा अर्धा भाग गायब झालाय.

लिंक उघडणारा तो

आता आपल्याकडच्या नेहमीच्या तीन फिल्म्स बघू. कंपन्या वेगळ्या, चेहरे वेगळे, साचा तोच.

पहिली फिशिंगची. एक कर्मचारी आहे, बावळट. त्याला 'लॉटरी लागली' असा मेल येतो. तो डोळे विस्फारतो, लिंक उघडतो, कंपनीचं वाटोळं होतं. मागून हशा. धडा: सावध राहा. एका कंपनीत मी बघितलेल्या अशा फिल्ममध्ये तो बावळट माणूस मुद्दाम गावाकडच्या हेलात बोलत होता. 'मले', 'तुले', 'काहून' असे शब्द त्याच्या तोंडी होते. सावध राहणारी मुलगी मात्र स्वच्छ पुणेरी मराठी बोलत होती. आमच्या टीममध्ये नागपूर, वर्धा, अमरावतीची सहा मुलं होती. त्यांपैकी कोणीच त्या लॉटरीच्या मेलला फसलं नसतं. पण सहाही जणांनी नंतर आठवडाभर ते संवाद सहन केले, कारण टीममधल्या बाकीच्यांना ते पाठ झाले होते.

वऱ्हाडी बोली विनोदाला चालते, यात वाद नाही. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरेंनी ती राज्यभर पोचवली. पण त्यांचं वऱ्हाडी ऐकताना मजा येते, कारण अनेकदा तेच समोरच्याला गप्प करतात. बोली तिथे हत्यार असते. ट्रेनिंग फिल्ममध्ये तीच बोली कमी अकलेची खूण होते. एकच हेल, पण कोणाच्या हातात आहे त्यावर विनोदाची दिशा बदलते.

दुसरी फिल्म पॉश कायद्याची. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीचा हा कायदा २०१३ चा. त्याआधी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली होती. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणं ही या कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी आहे, म्हणून ही फिल्म आपल्यापर्यंत पोचते. तिच्यातला खलनायक कसा असतो? बटबटीत शर्ट, ओघळणारी नजर, दोन अर्थांचे जोक्स. ऑफिसातल्या कुठल्याही माणसाने त्याच्याकडे बोट दाखवून म्हणावं, हा तो. तो सहसा बरोबरीच्या हुद्द्यावरचा असतो.

खऱ्या ऑफिसात ज्याच्याविरुद्ध तक्रार करायला मुली कचरतात, तो असा दिसत नाही. तो सभ्य असतो, क्लायंट त्याच्यावर खूश असतो आणि अप्रेझल त्याच्या हातात असतं. त्याला विनोदी करणं अवघड आहे, हे मान्य. पण अवघड म्हणूनच तिथे चांगल्या विनोदी लेखकाची गरज आहे. क्लीझसारखा नट तो रुबाबदार माणूस करू शकला असता. बटबटीत शर्टवाला कोणीही करतो.

या नादात जे सांगायला हवं ते पाच सेकंदांत संपतं. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असते. एक सदस्य बाहेरचा असतो. घटनेपासून साधारण तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते आणि सबळ कारण असेल तर समिती ही मुदत वाढवू शकते. आपल्या ऑफिसातल्या समितीत कोण आहे, त्यांची नावं कुठे लावली आहेत, हे किती जणांना पाठ आहे? बटबटीत शर्टवाल्याचे डायलॉग मात्र सगळ्यांना पाठ असतात.

तिसरी फिल्म ताणाची. एक मुलगा रात्री अकरा वाजता लॅपटॉपसमोर केस उपटतोय. मग एक हसरा कॉमेडियन येऊन त्याला सांगतो की तू श्वासच नीट घेत नाहीस. चार आकडे मोजून आत, चार आकडे मोजून बाहेर. टू-डू लिस्ट कर. 'नाही' म्हणायला शीक. मुलगा शहाणा होतो, हसतो, झोपतो. रात्री अकराला त्याला काम कोणी पाठवलं, हा प्रश्न फिल्ममध्ये येतच नाही. पाठवणाऱ्याला चेहराच नाही.

२०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या फर्ममध्ये काम करणारी तरुण चार्टर्ड अकाउंटंट नोकरीला लागल्यावर चार महिन्यांत गेली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यानंतर ऑफिसातला ताण हा चहाच्या टपरीवरही बोलण्याचा विषय झाला. एवढं सगळं झाल्यावरही ताणाच्या फिल्ममध्ये बयताड अजून तोच आहे, श्वास घेता न येणारा. हे बघून मला हसू येत नाही. चीडही येत नाही. आपल्याशी बोलणारा आपल्याला लहान मूल समजतोय, असं वाटतं आणि मग त्याचं काहीच ऐकावंसं वाटत नाही.

'थे स्क्रिप्टात नाही बापा'

हे फक्त आयटीतलं दुखणं आहे, असं कोणाला वाटू नये. विनोदी कलाकाराला पैसे देऊन लोकांना शिकवायला पाठवणं आपल्या गावांना चांगलं ओळखीचं आहे. त्याला आपण कलापथक म्हणतो. सरकारी योजना, स्वच्छता, व्यसनमुक्ती, मतदान असे विषय घेऊन कलापथकं गावोगाव फिरतात. ग्रामपंचायतीसमोर किंवा बाजाराच्या चौकात ढोलकी वाजते, लोक जमतात, नाटुकलं होतं, शेवटी घोषणा. विदर्भात त्याला खडी गंमतीचा बाज असतो: उभ्याउभ्या गाणं, सवाल-जवाब, एक सोंगाड्या. माझ्या मते कॉर्पोरेट ट्रेनिंग फिल्मचा हा सख्खा भाऊच आहे. पैसे देणारा वेगळा, विषय ठरलेला, कलाकार विनोदी आणि प्रेक्षकाने बदलायचं.

आता आमच्या जिल्ह्याची गंमत बघा. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजींची कर्मभूमी म्हणून. म्हणजे कागदावर या जिल्ह्यात दारू विकतच नाही. आणि याच जिल्ह्यात व्यसनमुक्तीची कलापथकं वर्षानुवर्षं फिरतात. नाटुकल्यातला बयताड ठरलेला असतो: झिंगलेला नवरा. तो अडखळतो, पडतो, बायकोच्या हातचा मार खातो, लोक पोट धरून हसतात. शेवटी तो शपथ घेतो.

असं एक नाटुकलं मी सेलू तालुक्यातल्या एका गावात बघितलं. कॉलेजात होतो तेव्हा. झिंगलेला नवरा दुसऱ्यांदा पडला तेव्हा मागून एका म्हाताऱ्या बाईने ओरडून विचारलं, "आनते कोठून थे सांग ना!" म्हणजे दारू आणतो कुठून ते सांग. चौक एकदम शांत झाला. सोंगाड्या पडल्या जागेवरून उठला, अंगावरची धूळ झटकली, बाईकडे बघितलं आणि हात जोडून म्हणाला, "थे स्क्रिप्टात नाही बापा."

त्या दिवशीचा सर्वांत मोठा हशा त्या वाक्याला पडला. खरं प्रशिक्षणही त्याच एका वाक्यात झालं. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात दारू कोण विकतो, कोण डोळेझाक करतो, त्याचा हप्ता कुठे जातो, हे गावाला माहीत होतं. सोंगाड्यालाही माहीत होतं. स्क्रिप्ट मंजूर करणाऱ्यालाही बहुधा माहीत असणार. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट गाळूनच ते नाटुकलं उभं होतं. पुढे पंधरा मिनिटं तो नवरा पडत राहिला, पण त्यात कोणाचं लक्ष नव्हतं.

लॉटरीचा मेल उघडणारा कर्मचारी आणि हा पडणारा नवरा एकाच स्क्रिप्टमधून आलेत. दोघांनाही हसवून हसवून सांगितलं जातं की प्रश्न तुझ्यातच आहे.

सोंगाड्याचा जुना करार

आपल्या सोंगाड्याचा मूळ करार असा नव्हता. तमाशाच्या वगात राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो आणि सोंगाड्या त्यांच्या नाकासमोर त्यांची टर उडवतो. १९६५ मध्ये आलेल्या वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार होते. त्या नाटकात हसू कोणाचं होतं? राजाचं, प्रधानाचं, कोतवालाच्या जागेसाठी चाललेल्या खटपटीचं. खुर्चीत बसलेल्या माणसाचं.

आणि ही मंडळी संस्थेसाठी, शिकवण्यासाठी काम करत नव्हती असंही नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने लोकशिक्षण हेच आपलं काम मानलं होतं. दादा कोंडके, निळू फुले, राम नगरकर ही मंडळी त्या वातावरणातून आली. पु. ल. देशपांडेंनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य सेवा दलाच्या कलापथकासाठी लिहिलं. नवीन स्वातंत्र्य मिळालेल्या देशातल्या लोकांना लोकशाही शिकवायची होती. त्यासाठी मतदाराला बावळट दाखवणं किती सोपं होतं! त्यांनी थट्टेला घेतलं ते पुढाऱ्याला.

आमच्या वऱ्हाडातला सर्वांत मोठा प्रशिक्षक तर गाडगेबाबा. ते लोकांना हसवायचे, प्रश्न विचारून उत्तरं काढून घ्यायचे आणि कधी खरमरीत बोलायचेही. तिथे बयताड बहुतेक वेळा समोर बसलेला गावकरीच असायचा: कर्ज काढून सण करणारा, नवसाला बकरं कापणारा. म्हणजे माझ्या नियमाला हा सरळ अपवाद झाला. तरी लोकांना तो अपमान वाटला नाही, याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. गावात आल्यावर बाबा आधी हातात खराटा घ्यायचे आणि रस्ता झाडायचे. कीर्तन त्यानंतर. जे लोकांनी करावं असं त्यांना वाटत होतं, ते त्यांनी दुपारीच करून झालेलं असायचं. फिशिंगची फिल्म पाठवणाऱ्या एखाद्या मोठ्या साहेबाने आधी स्वतःचा पासवर्ड चिकटवलेला पिवळा कागद मॉनिटरवरून काढताना दिसावं, मग त्याने आम्हाला काहीही म्हणावं.

कॉमेडियनने काय करावं?

या सगळ्यात दोष कॉमेडियनचा आहे, असं मला म्हणायचं नाही. मराठीत विनोद करून पोट भरणं अजूनही सोपं नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'भाडिपा'सारख्या चॅनलांनी ब्रँडेड कंटेंट मराठीत रुळवला, म्हणून लिहिणाऱ्या-अभिनय करणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी महिन्याचं भाडं जातं. कंपनीचे पैसे घेतले म्हणून विनोद बाटत नाही. क्लीझने तर त्यावर अख्खी कंपनी उभी केली.

कंपनीने स्वतः सांगून बनवलेली फिल्मही धारदार होऊ शकते, याचं उदाहरण आहे. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ब्रिटनमधल्या शाखेने रिकी जर्व्हेसकडून कर्मचाऱ्यांसाठी दोन फिल्म्स करून घेतल्या. त्यात जर्व्हेस 'द ऑफिस'मधला आपला डेव्हिड ब्रेंटच झाला होता: स्वतःला थोर समजणारा, दुसऱ्याचं न ऐकणारा साहेब. २००६ मध्ये त्या फिल्म्स इंटरनेटवर फुटल्या आणि जगभर बघितल्या गेल्या. कंपनीच्या मूल्यांवरची फिल्म बाहेरच्या माणसांनी हौसेने बघावी, हे किती दुर्मीळ आहे! ते घडलं, कारण त्यातला बयताड हुद्द्याने मोठा होता. नोकरी कुठलीही असो, तो आपल्याला कुठेतरी भेटलेला असतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे. फिशिंगची लिंक शेवटी कर्मचारीच उघडतो, साहेबाला हसून ती बंद होणार नाही. कबूल. पण सॉफ्टवेअरवाल्यांनी याचं उत्तर आपल्या कामातून आधीच शोधलंय. सर्व्हर रात्री पडला की चांगल्या टीममध्ये दुसऱ्या दिवशी 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' होतं. चुकीची कमांड कोणी दिली, हा मुख्य प्रश्न नसतो. एका चुकीच्या कमांडने अख्खी सिस्टिम पडू शकते, अशी ती बांधलीच कशी, हा असतो. गूगलच्या इंजिनिअर्सनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीवर एक अख्खं प्रकरण दिलंय. एका माणसाने एक लिंक उघडल्यावर कंपनी बुडत असेल, तर दुसरी पडताळणी का नव्हती, त्याच्या मशीनला इतके अधिकार कोणी दिले, संशयास्पद मेल कळवायचा बटणाचा सोपा मार्ग का नव्हता? यावर झकास विनोदी फिल्म होऊ शकते. तिच्यात किमान चार विभागांचे प्रमुख कोर्टात उभे राहतील. आणि लिंक उघडणारा त्यात साक्षीदार असेल. घाबरून गप्प बसण्याऐवजी चूक लगेच कळवणारा साक्षीदार. सुरक्षेला खरी गरज त्याचीच असते. ज्याच्यावर आधीच सगळे हसलेत, तो पुढच्या वेळी लिंक उघडल्यावर कोणाला सांगेल का?

हसल्याची नोंद कुठे होते?

मी दोन वर्षं अशा कोर्सेसच्या प्लॅटफॉर्मवर काम केलं, म्हणून मागची बाजू सांगतो. बरेच कोर्सेस 'स्कॉर्म' नावाच्या एका प्रमाणानुसार बांधलेले असतात. त्याची अजूनही वापरात असलेली एक आवृत्ती २००१ ची आहे. कोर्स तुमच्या ब्राउझरमधून सर्व्हरला एक स्थिती कळवतो. त्या रकान्यात सहाच किमती बसतात: पास, पूर्ण, नापास, अपूर्ण, नुसता चाळला, उघडलाच नाही. सोबत गुण आणि घालवलेला वेळ. संपलं. पाहणारा हसला का, त्याला काही पटलं का, दुसऱ्या दिवशी तो वेगळं वागला का, यासाठी रकाना नाही. म्हणून व्हिडिओ दुसऱ्या टॅबमध्ये चालू ठेवून आपण कोड लिहीत बसतो आणि सर्व्हरवर 'पूर्ण' अशी नोंद पडते. दोन्ही बाजू खूश.

'व्हिडिओ आर्ट्स'ची फिल्म एका खोलीत सगळ्यांना मिळून दाखवायची असे आणि नंतर चर्चा घ्यायची असे. फिल्म हे निमित्त होतं. मॅनेजर आणि त्याच्या हाताखालची माणसं शेजारी बसून एकाच मॅनेजरला हसलीत, ही त्या प्रशिक्षणातली मोठी गोष्ट होती. आता प्रत्येकजण हेडफोन लावून एकटा हसतो. साहेब तीच फिल्म त्याच्या केबिनमध्ये, त्याच्या दुसऱ्या टॅबमध्ये लावतो.

काम आणि शिक्षण यांचा संबंध काय, यावर वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये एक परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. त्यातून झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नयी तालीम उभी राहिली. माणूस हाताने काम करता करता शिकतो, हे तिचं सूत्र. ती योजना पुढे किती टिकली हा वेगळा विषय. पण त्या कसोटीवर मापलं तर 'पूर्ण' या शब्दाला काही अर्थ उरत नाही. मीटिंग चांगली घ्यायला माणूस मीटिंग घेऊनच शिकेल आणि ती संपल्यावर त्याला कोणीतरी, शक्यतो हाताखालच्याने, खरं सांगितलं तर.

म्हणून आमच्या कंपन्यांना आणि त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या मराठी कॉमेडियन मित्रांना माझी एक साधी सूचना आहे. पुढची फिल्म ताणावर करा. रात्री अकराला 'क्विक कॉल?' असा मेसेज टाकणाऱ्या साहेबाला झोप लागू द्या आणि स्वप्नात त्याला कोर्टात उभा करा. त्याच्यावर पाच आरोप ठेवा. साक्षीदार म्हणून टीममधली माणसं बोलवा, त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या, वऱ्हाडीतही. न्यायाधीश त्या आजीला करा, जिने दारू कुठून आणतो ते विचारलं होतं. मग ती फिल्म आधी साहेबांना दाखवा, सगळ्यांना एका खोलीत बसवून, टॅब न बदलता.

स्क्रिप्ट मंजुरीला गेलं की बहुतेक ते कापलं जाईल. पण नेमका कोणता सीन कापला गेला, ते लिहून ठेवा. कंपनीला कोणत्या विषयावर ट्रेनिंगची गरज आहे, याची यादी तिथूनच सुरू करता येईल.